ओळ सत्तेचाळीस

उल्का साबणेची सेटिंगची फाइल एकशे बारा ओळींची होती आणि ती कॉलेजच्या सर्व्हरवर, वनस्पतिसंग्रहालयाच्या संकेतस्थळाच्या फाइलींना खेटून राहत असे. संकेतस्थळाच्या फाइलीत डेटाबेसचा पत्ता होता, त्यात शिरायचा परवलीचा शब्द होता, एका वेळी किती माणसांना आत घ्यायचं आणि डेटाबेसने उत्तराला उशीर केला तर किती वेळ थांबायचं, हे लिहिलेलं होतं. माणसांच्या फाइलींत याहून फार वेगळं काही नसतं. उल्काच्या फाइलीत पहिल्या ओळीवर तिचं नाव होतं. मग चष्म्याचा नंबर, चहातली साखर, चिडल्यावर किती वेळ गप्प राहायचं, उंबरठा ओलांडताना आधी कोणतं पाऊल टाकायचं, असं एका ओळीवर एक. तिच्या नवऱ्याची, हेरंबची फाइलही तिथेच होती. पण ती उघडायची परवानगी फक्त हेरंबला होती, आणि हेरंब संगणकाला हात लावत नसे.

सत्तेचाळिसाव्या ओळीवर होतं: उत्तराची वाट पाहणे, तीस सेकंद.

गुरुवारी दुपारी पावणेचारला उल्काने तीस खोडून तीन केले.

कारण बुधवारचं होतं. हेरंब मिरजेत राहत्या घरीच, दुसऱ्या मजल्यावर, पुढच्या खोलीत पेट्या दुरुस्त करत असे. लोक त्याच्याकडे हार्मोनियम आणून टाकत आणि महिन्याने नेत. एक पट्टी दाबली की तो सूर पुरता विझेपर्यंत थांबे, मगच दुसरीला बोट लावी. बोलणंही तसंच. विचारलं की आधी तो ऐके, मग ते आत कुठेतरी वाजू देई, आणि सगळं शांत झालं की तोंड उघडी. उल्काने पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिने हा वेळ मोजला होता. सरासरी तेवीस सेकंद, जास्तीत जास्त एकोणतीस. म्हणून तिने तीस ठेवले होते, आणि अकरा वर्षं ते पुरले.

बुधवारी जेवताना तिने विचारलं, "हेरंब, मी या घरात नसते तर तुला काही फरक पडला असता का?"

हेरंबने हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. उल्काने मोजायला सुरुवात केली. पंधराला तो मिठाकडे बघत होता. तीसला तो मिठाकडेच बघत होता. उल्का उठली आणि ताटं उचलून आत गेली.

तर गुरुवारी तिने तीन केले. चूक तिथे झाली नाही. चूक प्रतीची झाली.

कुठल्याही फाइलीला हात लावण्याआधी तिची प्रत काढायची, आणि ती दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवायची, हा सर्व्हर सांभाळणाऱ्या उल्काचा नियम होता. नव्या माणसाला ती हे पहिल्याच दिवशी बोट उगारून सांगत असे. कारण सर्व्हर जागा झाला की सेटिंगच्या फोल्डरमधली प्रत्येक फाइल नावाच्या क्रमाने वाचतो. एकच गोष्ट दोन फाइलींत लिहिलेली असली तर तो गोंधळत नाही, जी नंतर वाचली तिचं धरतो. गुरुवारी उल्काने प्रत काढली, तिला 'उल्का-जुनी' असं नाव दिलं, आणि ती हलवणार एवढ्यात संग्रहालयाच्या प्रमुख नसीमा इनामदार मॅडम यांचा फोन आला.

"उल्का, पळत वर ये. खाजकुयलीचं पाकीट फुटलंय आणि मी एकटी नाचतेय."

उल्का वर गेली. शेंगांची लव सगळ्या टेबलावर पसरली होती. ती गोळा करताना उल्काच्या डाव्या मनगटावर लाल चकंदळ उठलं. ती खाली आली तेव्हा चार वाजून गेले होते, सर्व्हर रोजच्यासारखा एकदा झोपून उठला होता, आणि प्रत होती तिथेच होती.

शुक्रवारी सकाळी दहाला उल्काने हजेरीपटावर सही केली. दहा वाजून दहा मिनिटांनी जुनी आली.

तिच्या अंगावर तोच निळा कुर्ता होता. दुसऱ्या बटणाच्या जागी पिन होती. उल्काने ते बटण गुरुवारी संध्याकाळी शिवलं होतं, जुनी गुरुवार दुपारची होती. तिचं मनगट मात्र स्वच्छ होतं. तिने उल्काच्या सहीखाली सही केली, तितक्याच तिरक्या अक्षरात.

इनामदार मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलून हजेरीपट बघितला. "काय गं, आज एकावर एक फुकट का?"

"मॅडम, वरची माझी आहे," उल्का म्हणाली.

"आणि खालची?"

"माझीच," जुनी म्हणाली.

"मग झालं की. स्वतःशी काय भांडायचं?" मॅडमनी पट्टी लावून वरच्या सहीवर रेघ मारली. "खालची ठेवते. नंतर केलेली सही विचार करून केलेली असते."

त्या दिवशी उल्काला नियम कळला, आणि तो साधाच होता. दोघी जिथे एकामागोमाग पोचत तिथे दुसरीचं धरलं जाई. उल्काने एका नमुन्याच्या नोंदीत फुलांचा रंग 'फिकट जांभळा' लिहिला. दहा मिनिटांनी जुनीने 'जांभळा' लिहिला. संकेतस्थळावर जांभळा आला, आणि कपाटातल्या वाळलेल्या फुलाचाही रंग एक छटा गडद झाला. उल्काने खिडकी उघडली, जुनीने लावली. खिडकी लावलेली राहिली. जुनीच्या वागण्यात कुठे द्वेष नव्हता. ती फक्त दर वेळी दहा मिनिटं नंतर येत होती.

संध्याकाळी घरी येताना जिन्यात कुंभोजकर काकू भेटल्या. त्या खालच्या मजल्यावर राहत आणि साऱ्या बिल्डिंगचा जिना आपला समजून पुसत.

"लवकर आलीस," काकू म्हणाल्या. "पाय जपून टाक, ओलं आहे."

हेरंब पुढच्या खोलीत एका पेटीचं पोट उघडून बसला होता. उल्काने विचारलं, "भाजी काय करू?" एक, दोन, तीन. ती स्वयंपाकघरात गेली आणि दुधी चिरायला घेतला.

दहा मिनिटांनी जिन्यात काकूंचा आवाज आला, "अगं, आत्ताच गेलीस ना वर?" मग दार वाजलं. जुनीने चपला काढल्या आणि उल्काच्या चपलांवर अशा नेमक्या ठेवल्या की दारात एकच जोड दिसावा. तिने स्टूल ओढलं, हेरंबच्या समोर बसली आणि विचारलं, "भाजी काय करू?"

आत उल्काने घड्याळाकडे पाहिलं. पाच. बारा. वीस. जुनीने घसा खाकरला नाही, बांगडी वाजवली नाही, 'सांग ना' म्हटलं नाही.

"तोंडली," हेरंब सव्विसाव्या सेकंदाला म्हणाला.

उल्काने खाली पाहिलं. पाटावर तोंडल्यांच्या चकत्या होत्या. ती चिरत राहिली.

बाहेर हेरंब अजून बोलत होता. "इचलकरंजीची पेटी आहे ही." बराच वेळ काही नाही. "भात्यात उंदरीण व्यालीय."

"अय्या! किती?"

"चार." परत काही नाही. मग म्हणाला, "भाता हलवला की माझ्या आधी तीच सूर लावतात. एक जण तर चक्क बेसूर आहे."

जुनी हसली. ते उल्काचंच हसणं होतं. उल्काने ते बऱ्याच दिवसांत वापरलं नव्हतं, त्यामुळे तिला ते ओळखायला एक क्षण लागला.

"मग कुठे ठेवलीस पिल्लं?"

"बाबांच्या टोपीत."

हेरंबने वडिलांची टोपी कुणाला हात लावू दिली नव्हती. उल्काने एकदा ती धुवायला घेतली होती तर त्याने ती न बोलता तिच्या हातातून काढून घेतली होती. त्या संध्याकाळी तो एकशे चौदा शब्द बोलला. उल्काने कढईत तेल घालता घालता मोजले. तिच्या वाट्याला रोज सरासरी नऊ येत. 

जुनी स्वयंपाकघरात येत नसे. ती आली नाही तिथेच उल्काचं चाले, म्हणून उल्का तिथे राहिली. स्वयंपाकघर रुंदीला सात फरशा होतं. शनिवारी सकाळी ते पाच फरशांचं झालं होतं. हेरंबने चहाचे दोन कप भरले, एक स्वतःचा आणि एक स्टुलावर बसलेलीचा. उल्काने ओट्यापाशी उभ्यानेच पातेल्यातला उरलेला चहा प्यायला. त्यात दोन चमचे साखर होती. जुनी दोन घेई. उल्काने गुरुवारी संध्याकाळपासून साखर सोडली होती.

शनिवारी कॉलेज अर्धा दिवस असे. उल्का नऊलाच गेली, फोल्डर उघडला आणि 'उल्का-जुनी'वर जाऊन पुसण्याची आज्ञा दिली.

खात्री आहे? पडद्यावर आलं.

उल्काने 'हो' दाबलं. पडद्यावरचं चाक फिरायला लागलं. दहा मिनिटं ते फिरत राहिलं. मग जुनी आली, शेजारची खुर्ची ओढून बसली आणि 'नाही' दाबलं. चाक थांबलं.

"मला पुसत होतीस?"

"हो."

"आधी प्रत काढलीस का?"

उल्काने माउसवरचा हात काढला.

"प्रत न काढता पुसतं का गं कुणी? सगळ्यांना बोट उगारून सांगतेस." जुनीने पर्समधून डबा काढला. "तोंडली आणलीत. छान झालीत. हेरंबला आवडली."

"मी केलीत ती."

"हो, मीच केलीत," जुनी म्हणाली, आणि खरंच तिला तसंच वाटत होतं.

उल्का उठून वाचनकक्षात गेली. शनिवार म्हणजे केळुसकर सरांचा दिवस होता. इनामदार मॅडम फडकं घेऊन आधीच आल्या होत्या.

केळुसकर सर निवृत्त प्राध्यापक होते आणि सात वर्षांपासून वाचनकक्षातल्या तिसऱ्या खुर्चीवर बसलेले होते. सात वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांनी संकेतस्थळावर रानहळद शोधायला घेतली. त्याच दुपारी उल्काने संकेतस्थळाच्या फाइलीत, डेटाबेसची वाट पाहण्याच्या ओळीवर, शून्य लिहिलं होतं. शून्य म्हणजे अजिबात थांबायचं नाही, असा तिचा समज होता. तिथे शून्याचा अर्थ मुदतच नाही, असा होता. दुसऱ्या दिवशी तिने ते दुरुस्त केलं, पण ज्याने शून्यात वाट पाहायला सुरुवात केली त्याला नंतरची दुरुस्ती लागू होत नाही. रानहळदीचं पान अजून उघडायचं होतं. सरांच्या समोर चाक फिरत होतं आणि त्यांचा उजवा हात माउसवर होता. ते आजारी नव्हते, दुःखीही दिसत नव्हते.

"सर, पाणी घेणार?" मॅडमनी त्यांचा खांदा पुसत विचारलं.

"पान उघडू द्या," सर म्हणाले. "मग घेतो."

"दर शनिवारी हेच सांगतात," मॅडम उल्काला म्हणाल्या. "कान पूस गं जरा त्यांचे. मला वाकवत नाही."

उल्काने केळुसकर सरांचे कान पुसले. तिचं मनगट खाजत होतं. शुक्रवारपासून तिच्या अंगावर एवढी एकच गोष्ट उरली होती जी जुनीकडे नव्हती. ते मनगट खाजवायचं ती टाळत होती, कारण खाजवून बरं झालं असतं तर तेही गेलं असतं.

रविवारी स्वयंपाकघर दोन फरशांचं झालं. शेगडी आणि उल्का, एवढंच त्यात मावत होतं. तिला मान तिरकी करून दारातून बाहेर बघता येई. जुनी स्टुलावर बसून जुन्या फ्लॅनेलने पट्ट्या पुसत होती. हेरंबने आपल्याला कधी पट्ट्यांना हात लावू दिला होता? उल्काने आठवून पाहिलं. तिने कधी मागितलं नव्हतं. मागितलं असतं तर त्याने उत्तर द्यायला किती वेळ लावला असता, हे आता मोजता येण्यासारखं नव्हतं.

"बुधवारी तू विचारलंस," हेरंब अचानक म्हणाला.

जुनीचं फडकं थांबलं. आत उल्काने गॅस बंद केला, आवाज नको म्हणून.

सव्वीस, सत्तावीस.

"उत्तर आहे," हेरंब म्हणाला. "पण ते नीट लागत नाहीये. वरचा भाग बरोबर येतो, खाली घसरतं." त्याने हातातली सुराची पितळी जीभ दिव्यासमोर धरली आणि कानशीने तिच्यावर एकदाच घासलं. "ही पेटी आज होईल. उद्या सकाळी दहाला सांगतो."

"बरं," जुनी म्हणाली. घाई नव्हती तिला.

उल्का दोन फरशांवर उभी राहून विचार करत होती. प्रश्न बुधवारचा होता आणि प्रत गुरुवारची, तेव्हा प्रश्न दोघींचाही होता. उत्तर एकच होतं. अकरा वर्षांत हेरंबने तिच्यासाठी कुठलंही वाक्य चार दिवस घासलं नव्हतं, किंवा घासलं असेल तर ते तयार व्हायच्या आत ती ताटं उचलून आत गेली असेल. उद्या दहाला जी नंतर घरात शिरेल तिला ते मिळणार होतं. उत्तर काय असेल याची तिला भीती वाटत होती. पण ते जुनीला मिळेल याची त्याहून जास्त वाटत होती.

सोमवारी ती आठला कॉलेजात गेली आणि सत्तेचाळिसाव्या ओळीवर तीन खोडून एकतीस लिहिलं. जुनीकडे तीस होते, त्याहून एक सेकंद पुरेसा होता. रजेचा अर्ज मॅडमच्या टेबलावर ठेवून, लॅपटॉप काखेत मारून ती पावणेदहाला घराच्या जिन्यावर आली आणि दाराबाहेर उभी राहिली. चपला तिने काढल्या नाहीत.

जुनी दहाला पाच कमी असताना आली. दोघी दारासमोर उभ्या राहिल्या.

"तू पुढे हो," उल्का म्हणाली.

"नेहमी तूच आधी जातेस."

"आज मला घाई नाही."

"तुला?" जुनी हसली. "तीन सेकंदवाली ना तू?"

उल्का मोजत राहिली. तीस झाले. जुनी हलली नाही. एकतीस झाले, आणि उल्काचा डावा पाय आपोआप उचलला गेला. तिने कठडा घट्ट धरून तो खाली ठेवला.

"मी चाळीस केलेत," जुनी म्हणाली. "आठ वाजून दहाला. तुझ्या मागोमाग गेले होते ना मी."

उल्का पायरीवर बसली, लॅपटॉप मांडीवर उघडला आणि साठ लिहिले. जुनी शेजारी बसली. तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढून, आपल्या फाइलीत, नव्वद लिहिले. उल्काने तीन मिनिटं केली. जुनीने पाच. लॅपटॉप दोघींच्या मांड्यांवरून इकडून तिकडे जात राहिला. खालच्या वळणावर काकूंची बादली वाजली.

"काय गं, दोघी मिळून काय शिजवताय?" काकूंनी खालूनच विचारलं.

"काही नाही, काकू," दोघी म्हणाल्या. उल्काचं आधी ऐकू आलं, जुनीचं नंतर, म्हणून काकूंनी जुनीकडे बघून मान हलवली.

दाराआडून पेटीचा आवाज येत होता. हेरंब शेवटचे सूर लावत होता. एक पट्टी, मग शांतता. दुसरी पट्टी, मग शांतता. दहा वाजून गेले.

"तो तुझ्याशी अजून काय काय बोलला?" उल्काने विचारलं. विचारायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

"बरंच."

"म्हणजे काय?"

"शनिवारी म्हणाला, तुझं हसणं काळी दोनच्या किंचित खाली लागतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच त्याने मनात लिहून ठेवलं होतं म्हणे. आपल्या साखरपुड्याला. मावशीच्या साडीवर आमरस सांडला होता तेव्हा."

उल्काला तो आमरस आठवत होता. "माझं हसणं?"

"हो," जुनी म्हणाली. "माझं."

उल्काने सात मिनिटं लिहिली. जुनीने दहा. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव नव्हता. तीस सेकंद थांबणाऱ्या बाईला दहा मिनिटं जड नसतात, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. उल्काला मात्र प्रत्येक सेकंद वेगळा उचलून ठेवावा लागत होता. अकरा वर्षं तीसचं ओझं तिनेच उचललं होतं, आणि आता ते जुनीच्या अंगावर दागिन्यासारखं दिसत होतं.

उल्काने लॅपटॉप आपल्याकडे घेतला आणि जुनीपासून थोडा फिरवून धरला. मोठ्यात मोठा आकडा लिहिला तरी जुनी त्यात एक मिळवणार. मिळवून पुढे जाता येणार नाही असा एकच आकडा होता.

जुनीने न बघताच ओळखलं. तीही उल्काच होती.

"शून्य लिहू नकोस."

"का? त्याच्यापुढे तुला जाता येत नाही म्हणून?"

"केळुसकर सरांचे कान परवा तूच पुसलेस."

"मला आता फक्त तुझ्यानंतर आत जायचंय."

"जाशील कशी?"

उल्काने लॅपटॉप आणखी फिरवला. तिच्या फाइलीत तेव्हा सात मिनिटं होती. त्यांतलं एकही मिनिट तिला जुनीसाठी खर्चायचं नव्हतं. तिने शून्य लिहिलं, फाइल जपून ठेवली आणि लॅपटॉप मिटला.

जिना शांत झाला. जुनीने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि आपली दहा मिनिटं पूर्ण होऊ दिली, शेवटच्या सेकंदापर्यंत. मग ती उठली, कुर्ता सारखा केला, पिन बोटाने चाचपली. दारात चपला काढल्या. त्या ठेवायला खाली दुसरा जोड नव्हता म्हणून ती जराशी थबकली, मग नुसत्या फरशीवर ठेवल्या आणि आत गेली. दार तिने लावलं नाही. चार बोटं उघडं राहिलं.

आता उल्का नंतरची होती. उठायचं आणि आत जायचं, एवढंच उरलं होतं. ती उठली आणि दारापर्यंत गेली. उंबरठ्याशी तिचा डावा पाय उचलला जायला हवा होता. मुदत संपली की तो उचलला जातो. तिने काही वेळ पायाकडे पाहिलं. मग पाहणं सोडलं, कारण तो का उचलला जात नाही ते तिला माहीत होतं. तिला भीती वाटली नाही. बऱ्याच दिवसांनी तिला कशाची घाई नव्हती.

दाराच्या फटीतून स्टुलाचा एक पाय दिसत होता, टोपी दिसत होती, आणि टोपीच्या काठावरून बाहेर आलेलं एक गुलाबी नाक.

"आलीस?" आतून हेरंब म्हणाला.

"हो," जुनी म्हणाली. "सांग."

उल्काने मोजलं नाही. मोजायला आता शेवट नव्हता. तरी तिला कळलं की हा हेरंबचा नेहमीचा वेळ नव्हे, त्याहून खूप जास्त आहे.

"थांब," हेरंब म्हणाला. "उत्तर लागलंय. पण एकदाच सांगता येईल असं आहे. नंतरची येऊ दे."

"ती बाहेर उभी आहे."

"माहीत आहे. येऊ दे तिला."

मग त्याने भाता भरला आणि एक पट्टी दाबली. काळी दोनच्या किंचित खालचा सूर होता तो. हेरंबने बोट उचललं नाही. भात्यातली हवा उतरू लागली, सूर बारीक होऊ लागला. तो विझला की हेरंब बोलणार होता. उल्का दारात उभी राहून ऐकत होती. सूर केसाएवढा झाला, मग केसाच्या निम्मा, मग त्याच्याही निम्मा, आणि तिला तो ऐकू येतच राहिला. डाव्या मनगटाला खाज सुटली होती. उजवा हात तिकडे जायला निघाला होता आणि वाटेत थांबला होता.

कुंभोजकर काकू फडकं घेऊन एकेक पायरी पुसत वर आल्या. त्यांनी कठडा पुसला, मग दारावरची पाटी पुसली.

"पाणी देऊ का गं?" त्यांनी विचारलं.

"हे होऊ दे, काकू," उल्का म्हणाली. "मग घेते."

काकूंनी फडकं जिन्यावरून खाली झटकलं, त्याची कोरडी बाजू वर घेतली आणि उल्काचा खांदा पुसायला घेतला.